जिन्याची खंडेनवमी

फोर्टातल्या आमच्या जुन्या कचेरीचे आता महागडे फ्लॅट झालेत. लोखंडी जिना मात्र मुद्दाम तसाच ठेवलाय. म्हणे, जुनेपणालाच भाव आहे. त्या जिन्यानं मी टायपिस्ट म्हणून तीस वर्षं चढउतर केली. खंडेनवमीला आम्ही टाइपरायटर पुसून पूजायचो आणि एक झेंडूचा हार जिन्याच्या कठड्याला बांधायचो. रोज कामावर चढवणारा तोही आमचं हत्यारच होता की.

यंदा हार घेऊन गेले. वॉचमननं अडवलं, "मावशी, कुणाकडे?"

"जिन्याकडे."

"इथं काही बांधायची परवानगी नाही."

"तेव्हाही नव्हती," म्हणत मी गाठ मारली. वर आणखी एक मारली.

जुनेपण हवंय ना? मग आम्हीही त्यातच आलो.