सिंहाचा वाटा

नाकाडोंगरीकडच्या एका गावात मी तिला एकदाच पाहिलं. उन्हाळ्यात तलाव आटला की तिथे सगळं गाव मिळून मासे धरतं आणि घरटी एक वाटा पळसाच्या पानावर मांडला जातो. वाटे पाडायचं काम तिचं. उकिडवी बसून, नुसत्या हाताच्या अंदाजाने, ती मोठ्या माशाशेजारी बारीक मासे लावत होती.

तेवढ्यात गावचे मालक रिकामं पोतं घेऊन आले. "तलावाखाली माही जमीन जास्त. अर्धे मासे माहे."

म्हणजे टोकाच्या घरांची पानं कोरडी राहणार. मी गावात समतेची पत्रकं वाटायला आलो होतो. तापून म्हणालो, "इंग्रजीत याला लायन्स शेअर म्हणतात. सिंहाचा वाटा. सगळ्यात मोठा हिस्सा एकट्याने उचलायचा."

मालक उलट खूश झाले. "हो, सिंहाचाच समज."

त्यांचंही बरोबर होतं. वर्तमानपत्रं हा शब्द कौतुकानेच छापतात.

बाईने मान वर केली नाही. "सिंह मी नाही पायला, बापा. वाघ पायला. पोट भरलं का उठून जाते. पोतं नाही आनत."

लोक हसले. तिने एक पान मालकांपुढे सरकवलं. "घ्या मालक. ऊन वाढून राहिलं."

समतेवर मी पुष्कळ लिहिलं आहे, पुढेही लिहीन. पण 'समता' हा शब्द लिहिताना मला खवल्यांनी चमकणारे तिचे हात दिसतात.

मालकांनी पान उचललं. बाईने पुढच्या घराला हाक मारली.