पिंपांची परीक्षा

आमच्या गावातून परदेशी जातात ते पुरुष. बायका मागे राहतात, फोनची वाट बघतात आणि सुपाऱ्या सोलतात. श्रीवर्धनपासून खाडीच्या कडेकडेने निघालात तर आमच्या मोहल्ल्यातल्या घराघरांत हाच नियम दिसेल. म्हणून चाळिशीला टेकलेली मी एकटी मस्कतला निघाले तेव्हा लोकांना वाटलं, तलाकच्या धक्क्याने हिचं डोकं फिरलं.

फिरलं नव्हतं, उठलं होतं. पंधरा वर्षं मी नवऱ्याचं घर सांभाळलं, आणि त्याने तिकडे कुवेतला दुसरं लग्न केल्याची बातमी मला कळली ती भलत्याच माणसाकडून. तलाक झाला, मी माहेरी आले. घरात अब्बा एकटेच. अम्मी गेल्याला चार वर्षं झाली होती. अब्बांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. पण मोहल्ला! रोज कुणीतरी झाकलेलं ताट घेऊन यायचं, माझ्याकडे बघून मान हलवायचं आणि मय्यताच्या घरात बोलावं तसं हळू आवाजात बोलायचं. सहा महिने मी लोकांची सांदणं खाल्ली आणि लोकांची कीवही खाल्ली. सांदणं चांगली होती.

मग ओळखीच्या एका बाईने मस्कतमधल्या लहान मुलांच्या नर्सरीत आयाची नोकरी सुचवली. व्हिसा आला त्या दिवशी मला वाटलं, अब्बा नको म्हणतील. ते सुपाऱ्या वाळत घालत होते. हात न थांबवता म्हणाले, "जा. मी ऱ्हातो मागं. बघू तरी, मागं ऱ्हायला कसं लागतं."

अब्बा स्वतः सव्वीस वर्षं मस्कतला होते. ड्रायव्हर. मोहल्ल्यात त्यांना अजूनही ड्रायव्हरचाचा म्हणतात. सुट्टीवर आले की कुणी ना कुणी त्यांना नवरदेवाची गाडी चालवायला सांगायचं, आणि अब्बा तोऱ्यात म्हणायचे, "माझा हात डाव्या बाजूच्या स्टिअरिंगला बसलाय. तुमच्या या गाड्यांना तो न्हाय चालणार." लोकांना ते पटायचं. मला तर लहानपणी वाटायचं, डाव्या बाजूला बसून गाडी हाकणं हे फार मोठं काम असणार.

नर्सरीत माझं काम व्हॅनमधून मुलांना आणायचं आणि पोचवायचं. गाडी एक ड्रायव्हर चालवायचा. मी मागे बसून नाकं पुसायचे, सांडलेलं दूध पुसायचे, आणि कोण कुणाला चावलं याचा निवाडा करायचे. मला हे सगळं आवडायला लागलं होतं. आठ महिने झाले आणि नर्सरीच्या मालकीणबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर व्हॅनवर एकच माणूस ठेवणार, आणि ती बाई असेल. गाडीही तीच चालवेल, मुलंही तीच बघेल. "तू सुट्टीआधी लायसन काढलंस तर तूच. नाहीतर तुझा करार पुढे वाढवता येणार नाही."

मी जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती. नवरा म्हणायचा, तू पडशील. त्याचं बरोबर असेलही. पण आता पडले असते तर थेट मोहल्ल्यात, झाकलेल्या ताटांपुढे पडले असते. मला परत जायचं नव्हतं. उघड सांगते, त्या वेळी मला दुसऱ्या कशाचीच इतकी भीती वाटत नव्हती.

तिकडच्या लायसनमध्ये सगळ्यात वाईट परीक्षा पिंपांची. मोकळ्या मैदानात पिंपांच्या दोन रांगा, मधून गाडीपेक्षा वीतभर रुंद वाट, आणि त्या वाटेला वळण. त्यातून गाडी उलटी, मागे मागे न्यायची. पिंपाला गाडी लागली की नापास. मला शिकवायला एक ओमानी बाई होती, पन्नाशीची, काळा अबाया घातलेली. तिला बऱ्यापैकी हिंदी यायचं. मी चुकले की ती आधी एक खजूर तोंडात टाकायची आणि मगच ओरडायची. पहिल्या आठवड्यात तिने खूप खजूर खाल्ले.

अब्बांना हे फोनवर कळलं आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं. शुक्रवारी मला सुट्टी. सकाळीच त्यांचा व्हिडिओ कॉल आला. फोन विहिरीच्या कठड्याला टेकवलेला, अंगणात सुपारीच्या टोपल्या दोन रांगांत मांडलेल्या, आणि त्यांच्या मधून लुंगी वर खोचलेले सत्तरीचे अब्बा हातात जेवणाचं ताट स्टिअरिंगसारखं धरून उलटे चाललेले. तोंडाने इंजिनचा आवाजसुद्धा काढत होते.

"मागं वळून बघायचं न्हाय," ते धापा टाकत सांगत होते. "आरशात बघ. दुसऱ्या पिंपाची कड आरशाच्या मधोमध आली की अर्धं चाक. लगेच सोडायचं. तिसरं पिंप लबाड हाय, ते जवळ नसतं पण जवळ वाटतं. तिथं घाबरून माणूस चाक जास्त फिरवतो. फिरवू नको." त्या ओमानी बाईने तीन आठवड्यांत जे सांगितलं नव्हतं ते अब्बांनी एका सकाळी सांगितलं. मी कागदावर लिहून घेतलं.

पहिल्या परीक्षेला मी तिसऱ्या पिंपापाशी घाबरून चाक जास्त फिरवलं. पिंप पडलं आणि गडगडत परीक्षा घेणाऱ्या पोलिसाच्या बुटापाशी जाऊन थांबलं. मी गाडीच नीट नव्हती म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिथेही लोकांना न सांगता कळतं.

दुसऱ्या परीक्षेआधी अब्बांनी एक नवीन गोष्ट सांगितली. "वळण आलं की हॉर्न द्यायचा. तो न्हाय दिला तर अर्धे मार्क गेले म्हणून समज." मला यात काहीच चूक वाटली नाही. म्हसळ्याहून श्रीवर्धनला येताना आमचा एस.टी.चा ड्रायव्हर प्रत्येक वळणावर हॉर्न देतोच. पलीकडे काय आहे ते दिसत नाही. न देणारा एक तर नवशिका, नाहीतर बेवडा. तेव्हा पिंपांच्या वाटेला वळण आलं आणि मी हॉर्न दिला. चांगला लांब. वळणाच्या मध्यावर आणखी एकदा.

पोलीस धावत खिडकीशी आला. "किस को बुला रही हो?"

मी खरं ते सांगितलं. "मोड है ना."

त्याने पिंपांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला हसू आवरेना, ते बघून माझा ब्रेकवरचा पाय सुटला आणि मागचं पिंप आडवं झालं. परतताना शिकवणाऱ्या बाईने सांगितलं, इथे उगाच हॉर्न देणं म्हणजे भर रस्त्यात कुणाला शिवी देणं. आठ-नऊ महिने मी व्हॅनमध्ये बसत होते, पण मुलांच्या रडारडीत बाहेर हॉर्न वाजत नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी अब्बांना फोन लावला तो भांडायलाच. "सव्वीस वर्षं इथे गाडी चालवलीत आणि इथे हॉर्न देत नाहीत हे तुम्हाला ठाऊक नाही?"

ते म्हणाले, "विसरलो गो. म्हातारा झालो." एवढ्या पडेल आवाजात म्हणाले की मलाच वाईट वाटलं. सुट्टीला तीन आठवडे उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन पुन्हा आला, अंगणात टोपल्या पुन्हा मांडलेल्या.

तिसऱ्या परीक्षेला मी कुणाचंच तोंड बघितलं नाही. आरसा, कड, अर्धं चाक, सोड. तिसरं पिंप जवळ आलं, मला ठाऊक होतं ते लबाड आहे, मी हात हलवला नाही. आणि मी पास झाले. पुढे चढाची आणि रस्त्याची परीक्षा एकेका दमात सुटली, सुट्टीच्या आदल्या आठवड्यात लायसन हातात आलं, आणि आज ती व्हॅन मी चालवते. आरशात पिंपांऐवजी अकरा मुलं दिसतात. पिंपं बरी, ती एकमेकांना चावत नाहीत.

पण पिंपं पार झाली त्या दिवशी मी मैदानाच्या भिंतीला टेकून अब्बांना व्हिडिओ कॉल लावला होता. "अब्बा, एकही पडलं नाही!"

मला वाटलं, ओरडून मोहल्ला गोळा करतील. ते हळूच विहिरीच्या कठड्यावर बसले. "तिसऱ्याच खेपेला," म्हणाले. "माझ्या नऊ झाल्या."

"आणि नवव्यांदा पास झालात?"

"न्हाय. नवव्यांदा पण पाडलं. मग सोडून दिलं."

मला काही समजेना. "मग गाडी कशी चालवायचात?"

"गाड्या धुवायचो मी. अरबाबच्या चार गाड्या हुत्या. सकाळी धुवायच्या, सांजला धुवायच्या. धूळ जाम तिकडं. रस्त्यावर कधी चालवली न्हाय, म्हणून तो हॉर्न आपल्या एस.टी.वरनं सांगितला." अरबाब म्हणजे तिकडचा मालक. "पयल्या सुट्टीला घरी आलो तर तुझ्या अम्मीनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, ड्रायव्हर झालाय म्हणून. इतकी खूश हुती. तिचं तोंड कसं पाडू? मग तेच चाललं. तिला पण शेवटपर्यंत न्हाय सांगितलं."

"मला तरी आधी सांगायचं होतंत."

"नापास माणसाकडनं कोण शिकतो गो?"

मी तिथेच मातीत बसले आणि रडले, आणि रडता रडता हसायला आलं. राग नाही आला. सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या गाड्या पुसून त्यांनी मला वाढवलं, माझं लग्न केलं, ते मोडल्यावर मला घरात घेतलं. माझ्या बापाबद्दल मला इतका अभिमान आधी कधीच वाटला नव्हता, आणि तसं मी त्यांना फोनवर सांगितलंही. त्यांनी ते न ऐकल्यासारखं केलं. डोळे पुसले, घसा खाकरला, फोन तोंडाजवळ आणला.

"एक सांग," ते म्हणाले. "शेवटचं पिंप पार झालं की कसं वाटतं?"

मी सांगायला लागले. की आरशात आधी पिंपाची कड दिसते, मग ती सरकत जाते, आणि एकदम आरशात काहीच उरत नाही, नुसतं मोकळं मैदान. की गाडी थांबवल्यावरसुद्धा हात चाकावरून सुटत नाही. की पोलीस काही बोलायच्या आधीच आपल्याला कळलेलं असतं.

"थांब, थांब," अब्बा म्हणाले, आणि कठड्यावर नीट मांडी घालून बसले. "असं न्हाय. पयल्या पिंपापासनं सांग."