वरच्या टोल्याचं देवधान

कुसुमबाईच्या तोंडाला कुलूप घालणारा माणूस अजून सडक अर्जुनी तालुक्यात जन्मायचा आहे. ढिवराच्या घरची बाई, गावच्या तलावात जाळं टाकण्यात आयुष्य गेलेली. तीन उन्हाळे ती आणि तिची धाकटी जाऊ चंदा, बचत गटातल्या बायांना घेऊन तलावातली बेशरम उपटत होत्या. ती झाडं नावासारखीच. यंदा उपटा, पावसाळा सरला की पुन्हा हजर. त्यांच्यापायी मासळी घटली आणि काठचं देवधानही गेलं. ऋषिपंचमीच्या उपासाला नांगर न लागलेलं धान्य लागतं. तलावात आपसूक उगवणारं हे धान संपल्यावर बाया दुकानच्या भगरीवर भागवू लागल्या.

मग गोंदियाच्या एका संस्थेतल्या अल्काने परदेशी निधीसाठी अर्ज केला. असा पैसा थेट गावाच्या हाती पडत नाही. नोंदणी झालेल्या संस्थेने मागायचा, दिल्लीच्या समितीने बघून ठरवायचं. समितीचे दोघं आले त्या दिवशी चंदा नवं लुगडं नेसली होती.

कुसुमबाईने त्यांना आपला तलाव दाखवला आणि तशीच पुढे दोन किलोमीटर वर चालवत नेलं. वरचा टोला म्हणजे वरच्या अंगाची वस्ती. तिथल्या तलावात पाणी दिसतच नव्हतं, नुसती बेशरम.

"हा भरला का याचं पाणी आमच्या तलावात येते," ती म्हणाली. "संगं बेशरमच्या कांड्या येतात. जिथं अडकल्या तिथं फुटल्या. आम्ही खाली उपटून राहिलो, वरतून येऊनच राहिली. पैसा इथं लावा, साहेब."

"मग या लोकांनी अर्ज का नाही केला?" समितीतल्या एकाने विचारलं.

"यांची संस्था कुठं हाये? मागाले बी कोणी लागते ना!"

"आणि तुमचा तलाव?"

कुसुमबाईने वळून खाली आपल्या गावाकडे पाहिलं. तिचा जीव त्याच तलावात होता.

"एकाचाच पैसा असंन," ती शेवटी म्हणाली, "तं यांले द्या. आमचा राहू द्या."

अल्काने अर्ज पुन्हा लिहिला. निधी वरच्या टोल्यासाठी मंजूर झाला. "आपल्या घरचा घास लोकाच्या तोंडात घातला," एवढं बोलून चंदाने बोलणंच टाकलं. एका आंगणात दोन चुली आणि मधे अबोला. तोंडाळ माणसाला अबोला फार जाचतो. कुसुमबाई बिचारी कोंबड्यांशी बोलू लागली. पण वरच्या कामाला एक दिवस चुकली नाही. बेशरम मुळासकट निघाली, आणि तिथल्या बायांनी तिच्या सांगण्यावरून काठाला देवधान पेरलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर कुसुमबाई आंगणात जाळं विणत बसली होती. चंदा आली. पदराची गाठ सोडून तिने मूठभर कुसळाचं देवधान जावेच्या ओंजळीत ओतलं.

"आपल्या तलावात सापडलं, बाई. पंचमीले ठेव."

"कोणं पेरलं व?"

"कोणीच नाई. वरतून वाहून आलं." चंदा शेजारी टेकली. "आन् जाळं दे इकडे. गाठी सोडून राहिली तू. दिसत नाई का?"

खरंच दिसत नव्हतं. डोळे भरले होते. कुसुमबाईने जाळ्याचं एक टोक जावेकडे सरकवलं.