लाल अक्षरं झाकणारे माऊली सर

"लाल गेलं की काम झालं," असं माऊली सर म्हणायचे. दर वेळी म्हणायचे, आणि म्हणताना खुर्चीत मागे रेलून पोटावरून हात फिरवायचे, जणू नांगरून, पेरून, कापून आत्ताच घरी आलेत.

वडगावला कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास. त्याआधी ते लोणावळ्याला एका हॉटेलच्या काउंटरवर होते. पाहुण्याने नळ गळतोय म्हणून तक्रार केली की हसून दुसऱ्या खोलीची किल्ली द्यायची, एवढं ते तिथे शिकले. नळाला हात कधी लावावा लागला नाही. तीच विद्या घेऊन ते पायथन शिकवायला बसले.

पायथन म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. तिचा एक गुण मला फार आवडतो. अडली की ती गप्प बसत नाही. कुठल्या ओळीवर अडली, कशाने अडली, ते लाल अक्षरांत सांगते, आणि खरं कारण बहुतेक वेळा अगदी शेवटच्या ओळीत असतं. गाय हंबरते, तसंच ते. पायात दावं अडकलंय की पाणी संपलंय, हे गोठ्यात जाऊन बघावं लागतं. माऊली सर गोठ्यात गेलेच नाहीत. त्यांनी गाईचं तोंड बांधलं.

क्लासमधल्या एकाने आपल्या फाइलला 'रँडम' नाव दिलं होतं. पायथनच्या स्वतःच्या एका लायब्ररीचं, म्हणजे तयार कोडच्या संचाचं, नाव तेच, म्हणून लायब्ररी मागितली की त्याचीच फाइल उघडायची. फाइलचं नाव बदललं असतं तर भागलं असतं. सरांनी अख्खं पायथन काढून परत बसवलं, मग विंडोज परत बसवलं, आणि शेवटी म्हणाले, "मशीनच जुनं आहे." आणि लोकांनी माना डोलावल्या. आपल्याकडे न समजणाऱ्या माणसाला मान मिळतो, फक्त त्याने न समजल्याचं तोंडावर दिसू द्यायचं नाही.

वडिवळ्याची सारिका याच क्लासची. उन्हाळी भाताला तिथे धरणाचं पाणी पाळीने मिळतं. पूर्वी पाटाचं पाणी सोडणारा श्रीपती पाटकरी बांधावरून हाका मारून ज्याची त्याची पाळी सांगायचा. सारिकाने पाळीच्या शीटमधली नावं नि नंबर वाचून आदल्या दिवशी प्रत्येकाला मेसेज धाडणारा प्रोग्राम लिहिला, आणि श्रीपतीचा घसा सुटला. पण शीटमध्ये नवी नावं भरल्यावर प्रोग्राम मध्येच लाल होऊन थांबू लागला. पुढच्या कुणालाच मेसेज जाईना. सारिकाची परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून ती सरांकडे गेली.

सरांनी 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' घातलं. म्हणजे पायथनला बजावलं, करून बघ, नाही जमलं तर बोलू नकोस, पुढे चल. लाल गेलं. मेसेज गेले. गावाने सरांना शाल आणि नारळ दिला, आणि सरांनी तो घेतलाही.

मेसेज गेले नाहीत ते नंदाबाईला आणि जीनतला. दोघींचे शेताचे तुकडे एकमेकांना लागून, पाळी भागीत. एकीने दारं धरायचं, म्हणजे पाणी वाफ्यात वळवायचं, दुसरीने बांध सांभाळायचा. पाणी त्यांच्या शिवेवरून पुढे निघून गेलं, आणि हुकलेली पाळी तिथे परत मिळत नाही. भात पोटरीत आलेलं, ओंबी फुटायच्या बेतात, जमिनीला भेगा पडलेल्या. पुढचीही पाळी हुकली तर दाणा भरणार नव्हता. दोघी सारिकाला घेऊन वडगावला आल्या.

"मास्तर, आमाला मेसेज न्हाई आला," नंदाबाई म्हणाली.

"मोबाइल बंद असेल, मावशी."

"बंद कसा? जावई रोज त्याच्यावरनंच माजं डोकं खातोय."

"मग रेंज नसेल."

"जावयाला बरी घावती रेंज," जीनत म्हणाली.

सरांनी चहा मागवला. स्वतःपुरता.

"सर, ट्राय काढून बघू?" सारिकाने विचारलं.

"चालतंय ते कशाला उचकतेस? लाल येईल परत."

"येऊ द्या."

तिने त्या ओळी काढल्या आणि प्रोग्राम चालवला. पडदा लाल झाला. सरांनी तोंड फिरवलं. सारिका शेवटची ओळ वाचू लागली: इथे आकडा हवा होता, मिळालं ते आकडा नाही. जे मिळालं, तेही पुढे छापलेलं होतं. नंदाबाईला इंग्रजी येत नाही. ती पुढे वाकली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्यो माजा नंबर हाय. आन फुडं हिचा."

वडिवळ्यात भागीची पाळी अशीच लिहितात, आणि सध्या भागीत या दोघीच. एका रकान्यात दोन नंबर, मधे तिरकी रेघ. पाळी एक, म्हणून रकाना एक. सारिकाने माणशी एक नंबर धरला होता. आता तिने पायथनला त्या रेघेवर नंबर तोडून दोन्ही वेगळे वाचायला सांगितलं, आणि तरीही कुणाचं अडलं तर त्याचं नाव दाखवायला सांगितलं.

"त्ये बिचारं वरडत व्हतं की," जीनत म्हणाली. "तुमीच त्याच्या तोंडात बोळा कोंबला."

"मी काम चालू करून दिलं होतं. बाकी सगळ्यांना मेसेज गेले."

"बाकी सगळ्यांचं भात हिरवं हाय, मास्तर. येताना बगूनच आलोय."

पुढच्या पाळीला दोघींना मेसेज आला, दोघींनी दारं धरलं. खालच्या वाफ्यांतलं भात भरलं. वरच्या कडेचं गेलं ते गेलंच.

पण त्या दुपारी क्लासमध्येच सारिका पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "सर, इतरांच्या प्रोग्राममध्येही तुम्ही हेच घातलंय का?"

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. बँकेत जायचंय म्हणाले, चप्पल घातली आणि गल्लीतून कोर्टाच्या बाजूला चालू लागले, घाई नाही असं दाखवत. सारिकाने मान वर केली नाही. नंदाबाई आणि जीनत मात्र दारात उभ्या राहून ते वळणाआड होईपर्यंत बघत होत्या.

"बँक तिकडं कुटं हाय?" नंदाबाई म्हणाली.