तिसरी सूचना

मार्गासनीच्या वरच्या वस्तीतल्या वनितावहिनी नसरापूरजवळच्या एका खासगी बालवाडीत मावशी म्हणून कामाला आहेत. सकाळची एसटी धरायची, मग दिवसभर बावीस पोरांची नाकं पुसायची, चपला जोडीनं लावायच्या, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरायचं. शिकवायचं काम टीचरचं. पण टीचर रजेवर गेल्या की वहिनीच शिकवतात, आणि त्या दिवशी घरी जायची वेळ झाली तरी पोरं उठत नाहीत. हे मी स्वतः पाहिलं आहे.

मागच्या वर्षी टीचरचं लग्न ठरलं. त्या जूनमध्ये सोडून जाणार होत्या. बालवाडी चालवणाऱ्या बाई वहिनींना म्हणाल्या, "मेअखेरपर्यंत बालशिक्षणाचा कुठलाही डिप्लोमा आणा. जागा तुमची."

वहिनी बारावी झालेल्या. पण घरी दोन म्हशी, दोन मुलं, सासरे; पुण्याला जाऊन शिकणं जमणारं नव्हतं. त्या माझ्याकडे आल्या. आमच्या आळीत संगणकाचा डिप्लोमा केलेली मी पहिली. मीच त्यांना मोबाईलवरचा कोर्स शोधून दिला. सहा महिन्यांचा, परीक्षासुद्धा मोबाईलवरच. आता शिक्षणाला घाट, एसटी, सासर काही आडवं येत नाही, असं मी त्यांना अगदी छातीठोकपणे सांगितलं.

वस्तीवर रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. वैरणीचा भारा शेजारी टाकून वहिनी टाकीच्या कट्ट्यावर व्हिडिओ बघायच्या. त्यातल्या बाई गालिच्यावर बसून सांगायच्या, प्रत्येक मुलाला त्याचा स्वतःचा कोपरा द्या.

"दीपमाला, आमच्या खोलीला कोपरे चार," वहिनी म्हणाल्या. "बाकीची अठरा पोरं छताला टांगू व्हय?"

बालवाडीत एक मुलगा चावायला लागला होता. त्याची आई बाळंतपणाला गेली तेव्हापासून. वहिनींनी कोर्सच्या प्रश्नपेटीत विचारलं, याला कसं सांभाळायचं? मिनिटभरात उत्तर आलं : 'प्रश्नाबद्दल धन्यवाद! कृपया पाठ चार पुन्हा पाहा.' पाठ चार हात धुण्याचा होता. त्यांनी चार वेळा विचारलं, चारी वेळा हात धुवायला लावले. शेवटी त्यांनी त्या मुलाला रोज सगळ्यांचे डबे वाटायचं काम दिलं. आठ दिवसांत चावणं थांबलं. ही गोष्ट कोर्सला कळवायला मात्र कुठं जागा नव्हती.

परीक्षा मेमधल्या एका रविवारी होती. दोन तास मोबाईलचा कॅमेरा चालू. चेहरा कॅमेऱ्यापुढून हलला की सूचना. तिसऱ्या सूचनेला परीक्षा बंद. मी गावातल्या शाळेची एक खोली मागून घेतली, तिथं रेंज चांगली होती. चार्जिंग, दुसऱ्या मोबाईलचं नेट, पंख्याचा आवाज, उजेड, सगळ्याची यादी केली. दोनदा सरावही घेतला. मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवला आणि दारात राखण बसले.

पहिल्या तासात दोन सूचना झाल्या. एकदा एसटीच्या हॉर्ननं वहिनींची मान वळली, एकदा घाम पुसताना चेहरा झाकला. त्यानंतर त्या दगडासारख्या बसल्या.

वीस मिनिटं उरली असताना वहिनींचे सासरे, गेनबाआबा, आले. पायातल्या वहाणा त्यांनी लांबच काढल्या होत्या.

"कसं चाललंय गं पोरी?"

"छान चाललंय आबा. पंचेचाळीस प्रश्न झालेत."

"वाईच बघू का? आमच्या घरात परीक्षेला बसल्यालं माणूस म्या कवा बघितलं न्हाई. आत न्हाई जात."

मी विचार केला. खिडकी वहिनींच्या समोर, मोबाईलची पाठ खिडकीकडे. आबा कॅमेऱ्यात येणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "खिडकीतून बघा, पण बोलू नका."

आबा बोलले नाहीत. घराचा उंबरा ओलांडण्याआधी, आत सून असेल म्हणून, ते जसं रोज करतात तसं त्यांनी केलं. ते हळूच खाकरले.

वहिनी ताडकन उठल्या. खुर्चीच्या बाजूला झाल्या आणि कपाळापर्यंत पदर ओढून खाली मान घालून उभ्या राहिल्या.

कॅमेऱ्यासमोर रिकामी खुर्ची होती. मोबाईल वाजला. 'सूचना तीन. आपली परीक्षा समाप्त करण्यात आली आहे.'

वहिनी खाली बसल्या, पडद्यावर बोट दाबत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दीपमाला, म्या उठले व्हय?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. आणि मी या गावची लेक. गावातल्या लेकीला डोक्यावर पदर घ्यावा लागत नाही. माझ्या यादीत ते आलंच नव्हतं.

आबा खिडकीतून म्हणाले, "त्या मास्तराला फोन लाव. म्या सांगतो, चूक माझी हाय. तिची न्हाई."

"आबा, तिथं कुणी मास्तर नाही. फोन नंबरच नाही."

"आसं कसं? एवढी साळा चालती, कुणीतरी आसंलच की! तू लाव तर."

मी पाच तक्रारी लिहिल्या. घडलं ते सगळं लिहिलं, पदरासकट. प्रत्येक वेळी मिनिटभरात तेच उत्तर : निर्णय अंतिम आहे, पुढील परीक्षा डिसेंबरमध्ये.

जूनमध्ये बालवाडीत नवी टीचर आली, हायवेकडच्या गावातली. त्याच कोर्सचं प्रमाणपत्र घेऊन. मुलगी वाईट नाही. तिसऱ्याच दिवशी तिनं वहिनींना विचारलं, "ही पोरं तुमच्यापुढं गप कशी बसतात हो?" वहिनींनी तिला सगळं दाखवलं.

परवा मी डिसेंबरचा फॉर्म घेऊन वस्तीवर गेले. वहिनी गोठ्यात होत्या.

"या वेळी दार-खिडकी लावून घेऊ," मी म्हटलं. "आबांना दोन दिवस लेकीकडं पाठवू."

"मामंजींना घराभाईर काढून परीक्षा द्यायची?" त्यांनी शेणाची पाटी खाली ठेवली. "त्या दिवसापासनं ते जेवायला बी आत येत न्हाईत. ओसरीवर ताट मागतात. लई समजावलं, ऐकत न्हाईत."

"पण वहिनी, प्रमाणपत्र तर मिळेल."

"जागा भरली, दीपमाला. कागद आणून दावू कुणाला? म्हशीला?"

त्यांनी पदराला हात पुसले, मोबाईल आणला आणि तो कोर्स काढून टाकायला कुठं दाबायचं ते विचारलं. मी दाखवलं.