ज्वालामुखीचा असेंब्ली पॉइंट

मी एकदा एक आख्खा ज्वालामुखी रिकामा करवला आहे. (लाव्हा होता तिथेच राहिला, माणसं खाली आणली.) या कामगिरीची नोंद जगात फक्त एकाच ठिकाणी आहे, कुवेतमधल्या आमच्या फिंतासच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजच्या दारावर.

गेली बावीस वर्षं मी मीना अल-अहमदीला रिफायनरीत सेफ्टीत नोकरी करतोय. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर, कुणी काही करायला लागला की त्याला थांबवणं. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा वैरी म्हणजे एच-टू-एस नावाचा वायू. त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तो आला की डोकं चालवायचं नाही, पाय चालवायचे. खांबावरचा विंडसॉक, म्हणजे ती वाऱ्यानं फुगणारी कापडी पिशवी बघायची, वारा जिकडून येतोय तिकडे निघायचं, असेंब्ली पॉइंटला जमायचं आणि डोकी मोजायची. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा शिकवलंय की झोपेत दचकलो तरी एसीच्या दिशेला तोंड करूनच दचकतो, असं माझी बायको मंजिरी सांगते.

आमची मुलगी इरा कुवेतमध्येच जन्मली आणि वाढली. डोंगर म्हणून तिनं आयुष्यात जे रोज पाहिले ते फ्लायओव्हर. तरीही (की म्हणूनच?) तिला दगडांचं वेड! बारावी झाली, पुण्यात भूशास्त्राला प्रवेश मिळाला आणि ऑगस्टमध्ये ती घर सोडणार हे नक्की झालं. त्याआधीच्या शेवटच्या सुट्टीत कुठे जायचं असं विचारल्यावर ती म्हणाली, "बाली. बट नो बीच, नो शॉपिंग! मला एका जिवंत ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर उभं राहायचंय. दॅट्स ऑल."

पोरीनं अठरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं जे मॉलमध्ये मिळत नाही. मी तयारीला लागलो. कुवेतमध्ये चढ कुठून आणणार? महिनाभर रोज आमच्या इमारतीचे अकरा मजले जिन्यानं चढलो. इमारतीचा हारिस, म्हणजे आमचा इजिप्शियन रखवालदार, पहिल्या दिवशी कळवळून म्हणाला, "या बाशमुहंदिस, इंजिनियरसाहेब, लिफ्ट चालू आहे!" दुसऱ्या दिवशीही म्हणाला. तिसऱ्या दिवसापासून तो मला बघून नुसता आकाशाकडे हात करायला लागला.

बालीत लोक मध्यरात्री निघून सूर्योदयाला शिखरावर पोचतात. मी साफ नाही म्हणालो. अंधारातल्या कामाला वेगळं परमिट लागतं! शेवटी सकाळी सहाची तुकडी ठरली. शूज माझे रिफायनरीतलेच, लोखंडी टोकाचे. "अरे, आपण ज्वालामुखीवर चाललोय, तो दुरुस्त करायला नाही," मंजिरी म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

मंजिरी मूळची कोथरूडची. हॉटेलातल्या नाश्त्याबद्दल तिचा एकच नियम आहे आणि तो तिच्या आईपासून चालत आलाय. "बुफेतलं पोटातून न्यायचं, पिशवीतून नाही!" पहिल्याच सकाळी तिची पाठ वळल्यावर मी थोडीशी बेगमी टिश्यूत गुंडाळून माझ्या सॅकच्या अगदी तळाच्या कप्प्यात सारली. तिथे रेनकव्हर असतं आणि तिथे बायका बघत नाहीत. मग आम्ही धबधबे पाहिले, भातखाचरं पाहिली, आणि मी बेगमी विसरलो.

चौथ्या दिवशी चढाई. आम्ही तिघं, एक ऑस्ट्रेलियन आजोबा-आजी, दोन जर्मन मुली आणि केतुत नावाची चाळिशीची गाइड. केतुतनं सुरुवातीलाच बजावलं, "वर माकडं आहेत. बॅग सोडू नका, पळवतात." अर्ध्या वाटेवर ती आलीच. त्यांच्यातला एक दांडगा नर सरळ माझ्या सॅकपाशी आला, तिला नाक लावलं, तोंड वेंगाडलं आणि चार पावलं मागे सरकला. मग जाऊन आजोबांचं सँडविच घेतलं.

"बघितलंस?" मी मंजिरीला म्हणालो. "मी नुसतं रोखून पाहिलं. घाबरला!"

विवराचा काठ वीस मिनिटांवर राहिला. काळा खडखडीत लाव्हा, त्याच्या भेगांतून उगवलेलं पोपटी गवत, खाली चमकणारं तळं. इरा हरखून पुढे पळत होती, दगड उचलत होती. "बाबा, बसाल्ट! आपल्या सह्याद्रीसारखाच!" मला धाप लागली होती. मी सॅक काढून शेजारी ठेवली, एका खडकावर टेकलो आणि दीर्घ श्वास घेतला.

वास आला.

बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली तो वास! मी ताडकन उठलो, सॅक पाठीला मारली आणि ओरडलो, "थांबा! गॅस! एच-टू-एस!"

केतुतनं हवा हुंगली. "सर, गंधकाची वाफ डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असते. इथे कधीच नसते. मी वीस वर्षं येतेय."

"सगळे असंच म्हणतात!" (हे वाक्य माझ्या ट्रेनिंगच्या स्लाइडवर लाल अक्षरांत आहे.)

विंडसॉक नव्हता. मी मंजिरीच्या गळ्यातली आदल्या दिवशी घेतलेली बाटिकची ओढणी ओढली आणि काठीला बांधली.

"अरे, सिल्कची आहे ती!"

"जीव मोठा की सिल्क?"

ती विचारात पडली.

ओढणी उजवीकडे फडफडली, म्हणजे वारा डावीकडून. आम्ही डावीकडे गेलो. तीस पावलांवर हुंगलं. वास होताच! परत उजवीकडे. वास होताच! मग मी सगळ्यांना एका मोठ्या शिळेच्या आडोशाला नेलं, तर तिथे तो दुप्पट! "पसरतोय," मी गंभीरपणे म्हणालो. जर्मन मुलींना काही जाणवत नव्हतं, पण माझ्या पाठीमागे अगदी खेटून चालणारे आजोबा हिरवेनिळे पडून म्हणाले, "हा गृहस्थ खरं बोलतोय. मलाही येतोय!" त्यांना तपासायला आजी जवळ आल्या, त्यांनाही आला. जो जो माझ्याजवळ आला त्याला पटलं.

फक्त इराला नाही. "बाबा, एच-टू-एस हवेपेक्षा जड असतो. खरंच गॅस असेल तर आपण वर जायला पाहिजे, खाली नाही!"

माझ्या सातव्या स्लाइडवर हेच आहे. पण तिसऱ्या स्लाइडवर असेंब्ली पॉइंट आहे, आणि सात येईपर्यंत माणूस तीनवर अडकतो. असेंब्ली पॉइंट म्हणजे पार्किंग. "वाद नको! सगळे खाली!"

"बाबा, वीस मिनिटं राहिलीत! मग मी केतुतबरोबर वर जाऊन येते. ओके?"

"हो, हो," मी म्हणालो. मी ओढणीकडे बघत होतो.

पुढे मी, हातात फडफडती ओढणी. मागे नाकाला ओले रुमाल लावलेली वरात. बोलायची बंदी, मागे वळून बघायची बंदी. वाटेत वर येणाऱ्या दोन तुकड्या भेटल्या. आमची तोंडं बघून त्यांनी कारणही विचारलं नाही, गाइडसकट माघारी फिरल्या! पार्किंगला पोचलो तेव्हा डोंगर रिकामा होता आणि माझी छाती भरून आली होती. आता फक्त डोकी मोजायची होती.

आम्ही आठ निघालो होतो. मोजली, पाच भरली. पुन्हा मोजली, स्वतःला धरून. सहाच!

"इरा कुठाय?" मी विचारलं.

"मागे होती ना केतुतबरोबर?" मंजिरीनं तोंडावरचा रुमाल काढला. "तूच म्हणालास मागे बघायचं नाही!"

तेव्हा मला माझं 'हो, हो' आठवलं. मी वर पाहिलं. शिखरावर ढग उतरला होता आणि वाट दिसत नव्हती. खरं सांगतो, बावीस वर्षांत शेकडो ड्रिलमध्ये मी डोकी मोजली, पण कमी भरलेलं डोकं माझ्या घरातलं कधीच नव्हतं. आपणच जिला गॅसच्या तोंडी सोडून आलो ती आपली पोर, आणि तीही आपल्याच परवानगीनं!

गॅस असलेल्या ठिकाणी कधीही, कशासाठीही परत जायचं नाही. ही माझी पहिली स्लाइड. मी ती तिथेच पार्किंगमध्ये सोडली आणि धावत सुटलो. लोखंडी शूज, पाठीवर सॅक, हातात ओढणीची काठी, आणि तोंडानं "इरा! इरा!" मागून मंजिरी "अरे, थांब, पडशील" असं ओरडत येत होती. मी दोनदा पडलोच. अकरा मजल्यांचे जिने कुठे गेले कळलं नाही.

अर्ध्या तासानं ढगातून हसण्याचा आवाज आला. मग इरा दिसली. गाल लाल, केस विस्कटलेले, मुठीत एक काळा दगड. मागे केतुत, निवांत केळं खात.

"बाबा! तू परत आलास? अरे, अमेझिंग होतं! मी काठावर उभी होते! खाली सगळं दिसत होतं, आणि पायाखालचे दगड गरम!"

"आणि गॅस?" मी काठीवर रेलून विचारलं.

"दॅट्स द वियर्ड थिंग! तुम्ही गेलात आणि दोन मिनिटांत वास गेला. वर वाफा होत्या, पण इतका घाण वास तिथेही नव्हता."

मी तिला कवटाळलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिनंही माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मग ती हळूहळू ताठ झाली.

"बाबा," ती म्हणाली, "परत आला."

केतुत केळं टाकून माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आली. पाठीमागे थांबली. खाली वाकली. दोन बोटांनी माझ्या सॅकच्या तळाच्या कप्प्याची चेन उघडली आणि एकदम मागे झाली, अगदी त्या माकडासारखी. तेवढ्यात मंजिरी धापा टाकत पोचली आणि तिनं टिश्यूतली ती चार उकडलेली अंडी पाहिली. चार दिवसांची. बालीच्या उन्हातली. माझ्या वजनाखाली दोनदा आलेली.

"बुफे?" तिनं एवढंच विचारलं.

खाली ऑस्ट्रेलियन आजोबांनी डोळ्यांत पाणी आणून माझा हात हातात घेतला आणि आपला जीव वाचवल्याबद्दल आभार मानले. मी त्यांना खरं सांगितलं नाही. ते आजही दर महिन्याला माझी खुशाली विचारतात. विवर मात्र मी काही पाहिलं नाही. ढग हटला नाही आणि दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं.

कुवेतला आल्यावर सॅक तीन दिवस गॅलरीत टांगली होती. चौथ्या दिवशी हारिस लांब काठी घेऊन आला आणि टोकाला अडकवून ती घेऊन गेला. त्याच संध्याकाळी फ्रिजवर एक कागद लागला. माझ्याच खात्याच्या नमुन्यात इरानं लिहिलेला अपघात-अहवाल. (मूळ इंग्रजीत. मराठी अनुवाद मंजिरीनं हौसेनं करून दिला, आणि फोनवरून तीन मावशांना वाचूनही दाखवला.)

घटनास्थळ: बाबा. गळतीचा उगम: बाबाची सॅक, तळाचा कप्पा. मूळ कारण: फुकट ते पौष्टिक. धोक्याची पूर्वसूचना: माकडानं दिली होती, दुर्लक्ष झालं. उपाय: यापुढे बाबाला सगळ्यांच्या मागे, वारा जिकडे वाहतो त्या बाजूनं चालवावं. आणि शेवटी, 'काय बरोबर झालं' या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'गॅस आहे अशी खात्री असूनही बाबा परत वर आला.'

तो रकाना मी रोज सकाळी वाचायचो, दूध काढायच्या निमित्तानं.

ऑगस्टमध्ये इरा पुण्याला गेली. तो दगडही बरोबर नेला. तिला विमानतळावर सोडून आलो, फ्लॅटमध्ये काही सुचेना, म्हणून कागद फ्रिजवरून काढून टेबलावर घेतला. खाली 'घटनास्थळाची पाहणी करून सही' अशी एक ओळ इतके दिवस रिकामीच होती. मी पेन काढलं आणि सही केली. पाहणीला कुठे जावंच लागलं नाही. घटनास्थळ स्वतःच डायनिंग टेबलाशी बसून डोळे पुसत होतं.