हिरामणचा फाटका आवाज

हिरामण गेल्याची बातमी आली तेव्हा मी ज्वारीत गुडघ्यावर बसून फीत गुंडाळत होतो. बांधावरून त्याच्या चुलतभावाने हाक मारली, "सुपडू, हिरामण गया रे!" माणसाने उठून पळायला पाहिजे ना? मी म्हटलं, "थांब, एवढा एक पदर ऱ्हायना." असा मी माणूस. दोस्त गेला आणि मी पदर मोजत बसलो. चुलतभावाला वाटलं मला वेड लागलं. तसं नव्हतं, पण ती कसली फीत आणि ज्वारीत काय करत होती, हे त्या दिवशी मी कोणाला सांगितलं नाही. आज दीड महिन्याने सांगतोय. मी शाळेच्या दारापर्यंत गेलो होतो, आत गेलो नाही. मी बोलतोय आणि माझी पुतणी लिहून घेतेय. आमची अहिराणी ती शाळेच्या मराठीत घालते. मध्येच लिहायची थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते…

हिरामणचं शहाद्याला एसटी स्टँडजवळ दुकान होतं. पंप, मोटारी, रेडिओ, काहीही आणा, तो उघडायचा. घरची केळीची बाग. बापाला वाटायचं पोराने बाग सांभाळावी, आणि पोराचा जीव बेंजोत. बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवतात ती तारांची पेटी, लग्नाच्या बँडात असते ती. टेलिफोनचं कानाला लावायचं बोंडूक असतं, त्यातलं लोहचुंबक काढून हिरामणने ते तारांखाली बसवलं आणि तिथून वायर भोंग्याला जोडली. गाडीच्या बॅटरीवर ते चालायचं. सोबत मोलगीच्या डोंगरातला रुमाल्या. त्याचा होळीचा ढोल एवढा मोठा की जीपमध्ये ढोल बसला की रुमाल्याला टपावर बसावं लागे. तिसरा मी. बँडात ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात खुळखुळे देतात. ते माझ्या हातात होते, आणि तेही माझे चुकायचे.

आता तो आवाज कसा झाला ते ऐका. त्यातही माझीच करणी. रनाळ्याला एक लग्न होतं. एसटीच्या टपावरून सामान उतरवायचं काम माझ्याकडे. खाली पोरी उभ्या होत्या, त्यांना हसवायचं म्हणून मी भोंगा टोपीसारखा डोक्यात घातला आणि शिडीवरून उतरायला लागलो. भोंग्यात डोकं, तर पायरी कशी दिसणार? पडलो तो थेट भोंग्यावर. पोरी हसल्या, तेवढं काम झालं. पण भोंग्याच्या आतला पातळ पडदा तडकला. वरात निघाली, हिरामणने पहिलं बटण दाबलं, आणि जे बाहेर आलं ते मी जन्मात ऐकलं नव्हतं. लोखंडी पत्रा कोणी दोन हातांनी फाडतंय आणि फाडता फाडता तो पत्रा गातोय, असं काहीतरी. वरातीतला बैल दावं तोडून पळाला. नवरदेवाचा मामा चप्पल घेऊन आमच्या मागे. आम्ही गावाबाहेर एका शेताच्या बांधावर येऊन दम घेतला. मी म्हटलं, आता हिरामण मला मारणार. त्याने बॅटरी जोडली आणि तेच बटण पुन्हा दाबलं. पुन्हा. पुन्हा. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सुपडू, हाऊ आवाज आते कोनी दुरुस्त कराना नही. मी बी नही."

लग्नाची बोलावणी बंद झाली. लोक आम्हाला फाटका बँड म्हणायला लागले. त्याच्या बापाने भोंगा विहिरीत टाकायची धमकी दिली, म्हणून आम्ही जमिनीखाली गेलो. केळी पिकवायची त्यांची जुनी खोली बागेत होती, गावापासून लांब. अर्धी जमिनीत, खिडकी नाही, धुराने काळी. पाच पायऱ्या उतरून आत गेलं की दुपारीही डोळ्यांना दिसायचं नाही. तिथे रुमाल्याने ढोलावर टिपरू मारलं की भिंतीची काजळी आमच्या डोक्यावर पडायची आणि आम्ही तिघं माकडासारखे काळे होऊन वर यायचो. हिरामणचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. वहिनीने, केसरवहिनीने, एकदा विचारलं होतं, मी येऊन ऐकू का? सासऱ्याने नाही म्हटलं. नवी सून बागेच्या खड्ड्यात तीन बाप्यांचा गोंधळ ऐकायला जाते, हे त्या घरात होणार नव्हतं. हिरामण तिला म्हणाला, "नंतर ऐकाडसू." मी तेव्हा तिथे होतो. हसलोही असेन.

शहाद्याच्या एका डॉक्टरांकडे दोन चाकांचं टेपरेकॉर्डर होतं. त्यांना कीर्तनं भरून घ्यायचा नाद. हिरामणने त्यांच्या पंपाची मोटार दुरुस्त करून दिली आणि एका दुपारी बागेतल्या पंपाच्या लाइटवरून वायर ओढून त्यांना यंत्रासकट खड्ड्यात उतरवलं. आम्ही पाऊण तास वाजवलं. डॉक्टर कानात बोटं घालून पायरीवर बसले. मग त्यांनी चाकं मागे फिरवून यंत्र पुन्हा लावलं आणि आमचा आवाज आम्हालाच ऐकू आला… रुमाल्या उठून यंत्राच्या मागे बघून आला, कोणी बसलंय का. हिरामण हलला नाही. डोळे मिटून बसला होता आणि डोळ्यांतून पाणी. मी हसवायला खुळखुळा वाजवला. तो म्हणाला, "गप ना रे, येडा." फीत त्याने माझ्याकडे ठेवायला दिली. घरी ठेवली असती तर बापाने चुलीत घातली असती.

आणि मी काय केलं? ज्वारी दाण्यावर आली. पोपटांनी उच्छाद मांडला. घरात ती तपकिरी फीत पडलेली, उन्हात धरली तर चकाकते, वाऱ्यात गुंगुं करते. तुम्ही म्हणाल, अरे त्यात आवाज होता. मला ते ठाऊक नव्हतं हो! मला वाटायचं आवाज डॉक्टरांच्या यंत्रात राहतो. यंत्राने आमचं वाजवणं ऐकून पाठ केलं, पोपट करतो तसं. फीत म्हणजे चक्कीचा पट्टा. चक्कीच्या पट्ट्यात कोणी पीठ शोधतं का? मी बांबू रोवले आणि अख्खी फीत शेतावर ताणली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक पोपट फिरकला नाही. शेजारचे शेतकरी बघायला आले, "सुपडू, तुन्हं डोकं चाली ऱ्हायनं रे!" म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मला कोणी हुशार म्हटलं. मी आठ दिवस छाती काढून फिरलो.

मग हिरामणला कावीळ झाली. मी भेटायला गेलो तर डोळे हळदीसारखे, हात काटकीसारखे. मला जवळ बसवून म्हणाला, "ती टेप आन सुपडू. डॉक्टरना मशीनवर एक डाव ऐकनं शे. तुन्ही वैनीले बी ऐकाडनं शे." मी म्हटलं, "त्यात काय, उद्याच." आणि तसाच डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, साहेब, तुमच्या यंत्रातलं ते आमचं गाणं जरा लावा. डॉक्टर म्हणाले, "यंत्रात काही नसतं सुपडू. सगळं त्या फितीत असतं. कुठंय फीत?"

 मी शेताकडे पळालो. दोन महिन्यांचं ऊन, दव, वारा. फीत कुठे तुटलेली, कुठे पिळलेली, कुठे दोरीसारखी ताणून पांढरी पडलेली. मी एकेक पदर सोडवायला बसलो. दुसऱ्या दिवशी हिरामणने विचारलं, "आनी का?" मी म्हटलं, डॉक्टर गावाला गेलेत. तिसऱ्या दिवशी म्हटलं, लाइट नाही.  जन्मभर मी त्याला हसवलं, आणि शेवटचे दोन दिवस फक्त खोटं बोललो. चौथ्या दिवशी बांधावरून ती हाक आली.

तेराव्यानंतर वहिनीने निरोप पाठवला, ती टेप ऐकायची आहे. हिरामणचं त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं होतं. डॉक्टरांनी तुकडे जोडून जोडून फीत चाकावर घेतली. वहिनी पदर ओढून बाकावर बसल्या. यंत्र फिरायला लागलं आणि आली नुसती खरखर. चुलीवर ओलं लाकूड जळावं तशी. पाऊण तास. मध्ये बेंजो नाही, ढोल नाही, माझा दळभद्री खुळखुळासुद्धा नाही. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. वहिनी म्हणाल्या, "सुपडूभाऊ, असाच व्हता का तो आवाज?"

डॉक्टर काही बोलायच्या आत मी म्हटलं, "हा वैनी. असाच."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी त्या भाजी घेऊन झाली की डॉक्टरांकडे येतात. मला बोलावतात, कारण मी सोबत वाजवायला होतो. आम्ही बाकावर बसतो आणि खरखर ऐकतो. परवा एका जागी त्यांनी बोट वर केलं. म्हणाल्या, "आठे त्या जोरबन वाजाडी ऱ्हायनात, ना भाऊ?" इथे ते जोरात वाजवतायत म्हणे, आणि तिथे काहीच नव्हतं. इतर जागी होतं तेवढंही नव्हतं. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले, आणि मला तिथून उठताही येईना आणि बसवेनाही…

वहिनी, तुम्हाला वाचता येतं. तुम्ही चौथी शिकलात. पुतणी हे ज्या पेपरच्या पुरवणीला पाठवणार आहे ती पुरवणी तुमच्या घरी येते हे मला माहीत आहे, म्हणूनच हे इथे सांगतोय, कारण तुमच्या तोंडावर मला सांगता आलं नाही. तो आवाज असा नव्हता. तो तुमच्या नवऱ्याने केला, मी पोपट हाकायला लावला आणि उन्हात जाळला. ही जी तुम्ही ऐकता ती माझी ज्वारी आहे, हिरामण नाही. तुम्ही शिव्या द्या, सासऱ्यांना सांगा, मी दारात येऊन उभा राहतो. पण त्याआधी एक करा. येत्या बाजारी डॉक्टरांना सांगा, यंत्र लावू नका. मी येतो. पाच पायऱ्या उतरल्यावर तो पहिलं बटण दाबायचा तिथपासून मी तोंडाने वाजवून दाखवतो. मला सूर नाही, ताल तर कधीच नव्हता. रुमाल्याचा ढोल मांडीवर मारीन. चुकलो तर थांबून परत पहिल्यापासून घेईन, पाऊणच्या जागी दोन तास लागले तरी चालेल. तुम्हाला हसू आलं तर हसा. डॉक्टर हसतीलच. पण बोट वर करू नका वहिनी, तो जोरात कुठे वाजवायचा ते या वेळी मी सांगीन.